ठिकाण खपतं, पुस्तक राहून जातं

नर्मदा परिक्रमेवरचं मराठी पुस्तक येणार असलं की लेखकाची पहिली रील बहुधा ओंकारेश्वरची असते. झुलता पूल, खाली हिरवं पाणी, घाटावर तेवणारे दिवे, मागे नर्मदाष्टक. ती रील चालतेही चांगली. खाली 'नर्मदे हर' लिहिणाऱ्यांची रांग लागते आणि मग प्रश्न सुरू होतात. चालत किती दिवस लागतात? बसने केली तर चालते का? एकट्या बाईने जावं का? राहायची सोय कुठे? पुस्तकाचं नाव कुणी विचारत नाही. आठ दिवसांनी प्रकाशकाला फोन केला तर गठ्ठे होते तिथेच असतात.

यात बघणाऱ्यांचं काही चुकलेलं नाही. त्यांना ठिकाण दाखवलं, त्यांनी ठिकाणाविषयी विचारलं. ठिकाणाची माहिती आता फुकट मिळते. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, ती सतत उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही, समुद्रापाशी दक्षिण तटावरून नावेत बसून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरायचं, चातुर्मास संपल्यावर निघायचं. हे सगळं दहा ठिकाणी लिहिलेलं सापडतं आणि त्यासाठी कुणी तीनशे रुपये मोजणार नाही. मोजेल ते वेगळ्याच गोष्टीसाठी: हा रस्ता एका विशिष्ट माणसाला कसा दिसला, तो कुठे घाबरला, कुणाच्या ओसरीवर जेवला, काय ऐकून रात्री जागा राहिला. प्रवासवर्णनाचा समाजमाध्यमांवरचा प्रचार फसतो तो इथेच. फोटो नदीचा असतो आणि पुस्तक माणसाचं. सांगणाऱ्याचा आवाज कानावर पडल्याशिवाय कुणाला पुस्तक हातात घ्यावंसं वाटत नाही. म्हणून प्रचाराचं खरं काम कॅमेऱ्यापासून नाही, हस्तलिखितापासून सुरू होतं.

पुस्तक छपाईला जायच्या सुमारास पेन्सिल घेऊन ते पुन्हा वाचायचं आणि उतारे निवडायचे. पंधरा-वीस तरी हवेत, कारण निम्मे पुढे गळतात. प्रत्येक उतारा ८० ते १२० शब्दांचा. त्याला मागचापुढचा संदर्भ लागता कामा नये, त्यात निदान एक माणूस आणि एक वस्तू हवी, आणि जमलं तर कुणीतरी कुणाशी बोललेलं एखादं वाक्य. सूर्योदयाची वर्णनं सरळ बाजूला ठेवायची. 'मैयाच्या विशाल पात्रावर सोनेरी किरणं पसरली होती' हे वाक्य पुस्तकात आपल्या जागी शोभत असेल, पण फोनवर ते कुणाचंही असू शकतं. त्याऐवजी असा मजकूर असेल तर बघा (उदाहरणासाठी रचलेला आहे):

'सदावर्तात पीठ मिळालं, डाळ मिळाली. मीठ द्यायचं म्हातारी विसरली. आम्हीही विसरलो. कोसभर चालून गेल्यावर मागून हाका ऐकू आल्या. तिचा नातू धापा टाकत येत होता. त्याने मूठ उघडली. कागदाची पुडी. "दादी बोली, बिना नमक के बाबाजी कैसे खाएँगे."'

यात नदी नाही, देऊळ नाही, तरी परिक्रमा आख्खी आहे. आणि याचे दोन तुकडे कुठे करायचे तेही उताऱ्यानेच सांगितलंय: 'त्याने मूठ उघडली' इथे पहिली चौकट संपते, पुडी पुढच्या चौकटीत. वाचणाऱ्याचं बोट आपोआप सरकतं. उतारे निवडताना सगळेच गोड निवडायचे नाहीत. भांडण, चिडचिड, आश्रमात जागा नाकारल्याची रात्र, सोबत्याचा आलेला कंटाळा, हेही हवं. सगळंच भारावलेलं असलं की वाचकाला वाटतं, हे तर माहीतच आहे.

निवडण्याआधी प्रकाशकाशी बोलून घ्यायला हवं. किती मजकूर आधी देता येईल, ध्वनिरूपाचे हक्क कुणाकडे आहेत, मुखपृष्ठ केव्हा दाखवायचं, हे पत्रात किंवा ईमेलवर लेखी असलं की पुढे कटकट होत नाही. लेखकाने आपल्याच आवाजात आख्खं प्रकरण यूट्यूबवर टाकलं आणि प्रकाशकाने ते हक्क कुणा ऑडिओबुकवाल्यांना आधीच दिलेले निघाले, तर दोन्ही बाजूंना मनस्ताप होतो.

आता मजकूर पडद्यावर आणायचा. इथे मराठी पुस्तकांची एक खास अडचण आहे. प्रकाशकाकडची फाइल पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली असते. तिथून मजकूर उचलून फेसबुकवर चिकटवला की चिन्हांचा कचरा उमटतो. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकावर सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, फिरवून घ्यावा लागतो आणि फिरवताना काही अक्षरं हमखास बिघडतात: जोडाक्षरं तुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, अवतरणचिन्हं उलटी होतात. सर्वांत जास्त मार खातो तो 'ऱ्य'. प्रवासवर्णनात दऱ्या, पायऱ्या, किनाऱ्यावर, वाऱ्याने हे शब्द पानोपानी असतात, आणि बिघडलेल्या फॉन्टमध्ये दऱ्याचा दर्या होतो. डोंगरातला माणूस समुद्रात जाऊन पडतो. म्हणून रूपांतर झाल्यावर फाइलमध्ये 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासायची. चित्र तयार करताना मुक्त, बलू किंवा टिरो देवनागरी मराठी यांच्यासारखे फॉन्ट घेतले तर सहसा अडत नाही. टिरोचा मराठी संच मुद्दाम घ्यावा, कारण त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा ल मराठी वाचकाच्या डोळ्याला लगेच खुपतो, भले त्याला कारण सांगता आलं नाही तरी.

इन्स्टाग्रामच्या सरकत्या चित्रांसाठी १०८० बाय १३५० पिक्सेलची उभी चौकट धरायची. एका चौकटीत ३५-४० शब्दांपेक्षा जास्त नकोत, म्हणजे शंभर शब्दांच्या उताऱ्याला तीन चौकटी आणि शेवटी एक पुस्तकाची. त्या शेवटच्या चौकटीत मुखपृष्ठ, लेखकाचं नाव, प्रकाशक, किंमत, एवढंच. वीस चित्रांपर्यंत परवानगी आहे म्हणून वीस टाकू नयेत. चित्र तयार झालं की ते फोनवर, उन्हात उभं राहून वाचून बघावं. संगणकावर सुरेख दिसणारी राखाडी अक्षरं तिथे नाहीशी होतात. मुखपृष्ठाचीही हीच परीक्षा: अंगठ्याच्या नखाएवढं झाल्यावर नाव वाचता येतं का? येत नसेल तर चित्रकाराला छपाईआधीच सांगायला हवं. आता बहुतेक लोक मुखपृष्ठ पहिल्यांदा तेवढंच बघतात.

खालच्या कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठीत ती मर्यादा तीनशे-सव्वातीनशे शब्दांतच गाठली जाते. दिसते ती फक्त पहिली ओळ-दीड ओळ, बाकीचं 'आणखी' दाबल्यावर. म्हणून 'सर्वांना नमस्कार, आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' अशी सुरुवात केली तर दिसणारी सगळी जागा नमस्कारातच संपते. पहिली ओळ उताऱ्यातली असावी. कॅप्शनमधला दुवा दाबून उघडत नाही, तो बायोमध्ये किंवा स्टोरीच्या स्टिकरवर द्यावा लागतो. हॅशटॅग तीन-चार पुरेत. 'नर्मदापरिक्रमा' देवनागरीत आणि रोमन लिपीतही, कारण मराठी वाचणारा माणूस शोधताना बहुधा रोमन अक्षरंच टाइप करतो. यूट्यूबच्या शीर्षकातही दोन्ही लिप्या असाव्यात त्या याचसाठी.

आणि मग आवाज. माझ्या मते प्रवासवर्णनासाठी याहून परिणामकारक काही नाही. लेखकाने स्वतः वाचलेला एक मिनिटाचा उतारा ड्रोनच्या दहा चित्रफितींपेक्षा जास्त काम करतो. शांतपणे वाचलं तर मराठीत मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे एक उतारा, एक रील. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसायचं, पंखा बंद, फोन विमान मोडवर, तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे प आणि फ उच्चारताना श्वासाचा फटका माइकवर बसत नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा करावं, दुपारी कुकर आणि भंगारवाला दोघंही येतात. कागद हातात धरून वाचला तर सळसळ रेकॉर्ड होते, तो समोर टेकवून ठेवावा. वाचताना भाषण नको, नाट्यवाचनही नको. घरी आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं.

चित्र मात्र स्वतःचं असावं, थरथरतं असलं तरी. पायवाट, शिदोरी, ओल्या वाळूत उमटलेली काठीची टोकं. पडद्याच्या खालच्या पाव भागात अक्षरं ठेवू नयेत, तिथे ॲपची स्वतःची बटणं आणि नाव येतं. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा मजकूर पडद्यावर हवाच. पण आपोआप येणाऱ्या मराठी उपशीर्षकांवर विसंबू नये. गावांची नावं ती हटकून बिघडवतात, आणि परिक्रमेच्या वाटेवरचं जंगल जे शूलपाणीची झाडी, तिच्या नावाचं काय होतं ते बघवत नाही. मजकूर आपल्याकडे तयारच आहे, हाताने टाकावा. मागे गाणं लावायचा मोह टाळावा. लोकप्रिय गाण्याचे हक्क कुणाचे तरी असतात, व्यावसायिक खात्यावर ते लावता येत नाही किंवा मागाहून आवाज बंद केला जातो. आणि गाणं असलं की कान गाण्याकडे जातो. जिथे ध्वनिमुद्रण केलं असेल तिथला घाटावरचा आवाज, बैलगाडीची घुंगरं, पाण्याचा खळखळाट अगदी हलका मागे ठेवला तर तो उताऱ्याला धरून राहतो.

हेच वाचन यूट्यूबवर लांब करता येतं, बारा-पंधरा मिनिटांचं एक प्रकरण. रील चार-सहा दिवसांत विरते. यूट्यूबवरचं वाचन वर्षभराने कुणी परिक्रमेची तयारी करताना शोधून ऐकतो. वर्णनात वेळेनुसार भाग पाडून द्यावेत: पहिला शून्य मिनिट शून्य सेकंदापासून, निदान तीन, प्रत्येक किमान दहा सेकंदांचा, नाहीतर यूट्यूब ते मान्य करत नाही. शॉर्ट्सच्या वर्णनातले दुवे दाबता येत नाहीत, म्हणून शॉर्टला आपला लांबचा व्हिडिओ जोडून द्यायचा आणि विक्रीचा दुवा त्या लांबच्या व्हिडिओखाली ठेवायचा.

इतकं झालं तरी मराठी पुस्तक प्रत्यक्ष विकलं जातं ते बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर. इन्स्टाग्रामवर नाव कानावर पडतं, फेसबुकवर चर्चा होते, पण 'हे बघ, तुला आवडेल' असं म्हणून भावाने बहिणीला पाठवलं की मागणी येते. म्हणून इथला एक संदेश घडवायला वेळ द्यावा, अगदी दिवसभर लागला तरी चालेल. तो पुढे पाठवला गेल्यावर लेखकापासून तुटतो, कुणाचा, कशाविषयी, काही कळेनासं होतं. तेव्हा त्याला एकट्याने उभं राहता आलं पाहिजे. आधी मुखपृष्ठाचं चित्र, आणि त्याच चित्राखालच्या मजकुरात बाकीचं सगळं: सत्तर-ऐंशी शब्दांचा उतारा, मग एक रिकामी ओळ, मग पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, छापील किंमत, टपालखर्चासह किंमत, मागणीचा क्रमांक आणि दुवा. चित्र वेगळं आणि मजकूर वेगळा पाठवला की पुढे जाताना दोघांची ताटातूट होते. संदेशात सवलतीची मुदत घातली असेल तर तारीख वर्षासह लिहावी. दोन वर्षांनीही तो संदेश कुठेतरी फिरत असतो आणि लोक जुन्या किमतीत पुस्तक मागतात.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. बाकीच्यांकडे काहीच जात नाही आणि पाठवणाऱ्याला ते कळतही नाही. प्रत्येक मागणीच्या उत्तरात 'क्रमांक साठवून ठेवा' ही ओळ घालणं त्यामुळे फार उपयोगी आहे. पुढे पाठवण्यावरही बंधनं आहेत: एका वेळी पाच ठिकाणी, आणि खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी. शक्य असेल तिथे संदेश नव्याने पाठवावा, 'फॉरवर्डेड' अशी खूण असलेलं पुष्कळ लोक वाचतच नाहीत. सोसायटीच्या, शाळेच्या वर्गमित्रांच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा, तेही उतारा. रोज मुखपृष्ठ टाकणाऱ्या माणसाला लोक मुकाट्याने म्यूट करतात आणि मग त्याच्या घरच्या लग्नाचं निमंत्रणही वाचलं जात नाही.

पूर्ण पुस्तकाची पीडीएफ मात्र कुणालाही पाठवू नये. परीक्षण लिहिणाऱ्यालाही नाही, जिवलग मित्रालाही नाही. मराठीत पीडीएफ फिरवणारे ग्रुप भरपूर आहेत, आणि त्यातले बहुतेक लोक पुस्तकावरच्या प्रेमानेच ती फिरवतात, त्यामुळे थांबवणं आणखी अवघड होतं. परीक्षकाला छापील प्रत पाठवावी. वाचकांना चाखायला एक प्रकरण पीडीएफ करून द्यावं, पहिल्या पानावर मुखपृष्ठ, शेवटच्या पानावर मागणीचा तपशील. तेवढं खुशाल फिरू द्यावं, फिरायलाच हवं. प्रकरण पहिलंच असायची गरज नाही. प्रवासवर्णनाच्या पहिल्या प्रकरणात सहसा तयारी, तिकिटं आणि घरच्यांची काळजी असते, वाट चौथ्या-पाचव्या प्रकरणात सापडते. ते द्यावं.

वेळापत्रक प्रकाशन समारंभाच्या तारखेवर बेतायचं नसतं, प्रवासाच्या ऋतूवर बेतायचं असतं. परिक्रमेला लोक कार्तिकातल्या एकादशीनंतर निघतात आणि ज्यांना निघणं शक्य नाही त्यांची ओढही त्याच सुमारास वाढते. म्हणजे पुस्तक दसऱ्याच्या आत हातात हवं. त्याच सुमारास एखादं प्रकरण दिवाळी अंकातही द्यायचं असेल तर लेखन पावसाळ्याच्या सुरुवातीला, जून-जुलैपर्यंत संपादकांकडे पोचायला हवं. त्या अंकातल्या पानाचा फोटो हा पुढे महिनाभर पुरणारा मजकूर आहे. मग माघ शुद्ध सप्तमी, नर्मदा जयंती. मग २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, त्या दिवशी सगळेच पुस्तकांविषयी लिहितात आणि त्या गर्दीत एखादा छोटा उतारा टिकतो, लांब लेख टिकत नाही. सह्याद्रीतल्या भटकंतीचं पुस्तक असेल तर हे सगळं पावसाळ्याकडे सरकतं, पंढरीच्या वाटेवरचं असेल तर आषाढाकडे. प्रकाशनाच्या आठवड्यात सगळा दारूगोळा उडवून टाकला की तिसऱ्या आठवड्यात सांगायला काही उरत नाही, आणि नेमकं तेव्हाच पहिल्या वाचकांचं पुस्तक वाचून झालेलं असतं. निवडलेल्या उताऱ्यांपैकी निम्मे प्रकाशनानंतरसाठी राखून ठेवावेत.

फेसबुकवर परिक्रमावासीयांचे, भटक्यांचे, वाचकांचे भलेमोठे गट आहेत. तिथे नव्याने शिरून पहिलीच पोस्ट पुस्तकाची टाकली तर गटाचे संचालक (ॲडमिन) ती काढतात, आणि बरोबर करतात. पुस्तक यायच्या दोन-तीन महिने आधीपासून तिथे प्रश्नांची उत्तरं द्यावीत. शूलपाणीच्या झाडीतून जाताना काय जवळ ठेवावं, थंडीत कांबळ किती जाड लागतं, पायाला फोड आले तर कुठे थांबावं. ज्याने चालून पाहिलंय त्याला ही उत्तरं देताना काही कष्ट पडत नाहीत, आणि विचारणाऱ्याचं खरोखर काम होतं. मग पुस्तकाची वेळ आली की संचालकांना आधी विचारून एकच पोस्ट. किंमत पोस्टमध्येच लिहावी. 'किंमत इनबॉक्समध्ये' हे वाक्य वाचकाला परकं करतं. बाहेरचा दुवा पोस्टमध्ये न देता पहिल्या कमेंटमध्ये द्यायची पद्धत पडली आहे ती पाळायला हरकत नाही.

जुन्या प्रवासावरचं पुस्तक असेल तर एक गोष्ट फार जपायला हवी. नर्मदेवरचं सरदार सरोवर आता समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर उंचीपर्यंत भरतं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, नवं गोरा गावाजवळ बांधलं, कित्येक गावं आणि पायवाटा गेल्या. त्याआधीच्या परिक्रमेचा उतारा तारखेविना टाकला तर कुणीतरी तो आजचा रस्ता समजून चालायला लागेल. प्रत्येक पोस्टमध्ये प्रवासाचं साल लिहावं. आणि खरं तर असा उतारा हाच त्या पुस्तकाचा मोठा ठेवा आहे: जी वाट आता कुणालाच चालता येणार नाही तिचं वर्णन. ते लोकांना मुद्दाम सांगावं.

माणसांच्या बाबतीत तर आणखी हळुवार व्हायला हवं. ओसरीवर भाकरी वाढणाऱ्या बाईने फोटो काढू दिला तो त्या ओळखीपुरता. तो लाखभर लोकांना दाखवायला तिने होकार दिलेला नाही. पुस्तकात नाव बदललं असेल आणि रीलमध्ये चेहरा आणि गावाचा टॅग असेल तर नाव बदलण्याला अर्थ राहत नाही. हात दाखवावेत, चूल दाखवावी, पाठमोरी माणसं दाखवावीत. जिथे पाच-सात परिक्रमावासीयांचीच सोय आहे अशा घराचं किंवा कुटीचं नेमकं ठिकाण टाकू नये. लोक दाराशी येऊन उभे राहिले की तिथला माणूस नाही म्हणू शकत नाही आणि त्याचं पीठ आठवड्यात संपतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकांची संख्या बांधून द्यावी लागली ती फोटो बघून लोटलेल्या गर्दीमुळेही. पावसाळ्यातल्या धबधब्याचा उतारा असेल तर तिथली गर्दी वाढू नये म्हणून तो हिवाळ्यात टाकलेला बरा.

मागणी यायला लागली की कामाचं स्वरूप बदलतं, आणि इथे बरेच जण अडखळतात. पैसे क्यूआर कोडवर येतात, पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, पत्ता येतच नाही. किंवा पत्ता येतो आणि पिनकोड नसतो. म्हणून आधी एक छोटा फॉर्म: नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, मोबाइल, प्रती किती, पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक. तो भरला की उत्तर तयार ठेवलेलं असावं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अशी ठरावीक उत्तरं साठवता येतात आणि 'पैसे आले', 'पाठवलं', 'पोचलं' अशा खुणाही लावता येतात.

टपालाचा हिशेब पुस्तक छापण्याआधी करावा. भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ते जमिनीवरून जातं, त्यामुळे वेळ लागतो, पण पाकीट कुठवर आलं ते बघता येतं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं लागतं. डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकाराचं, ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) कागदावरचं २४० पानी पुस्तक कव्हरसकट साधारण २७० ग्रॅम भरतं. त्यात आर्टपेपरवरची १६ रंगीत पानं घातली की वजन वेष्टनाआधीच तीनशेच्या आसपास जातं आणि वेष्टनासकट प्रत्येक प्रतीला वरचा दर लागतो. रंगीत फोटो पुस्तकात हवेतच का, हा प्रश्न इथे पुन्हा येतो. माझं मत असं की आठ पानं पुरतात, बाकीचे फोटो क्यूआर कोडमागे ठेवता येतात. पाकीट पावसाळ्यात पाठवताना आधी प्लास्टिक, मग पुठ्ठा, मग कागद. कोपरे दुमडलेली प्रत मिळालेला वाचक तिचा फोटो टाकत नाही.

पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोचवायचीच असेल तर सुंदर घाटाची नको, आधीच आपोआप चाललेल्या उताऱ्याची निवडावी. सूर्यास्त आवडणारे लोक आणि मराठी पुस्तक विकत घेणारे लोक यांत फार थोडे समान असतात. जाहिरातीचं बटण थेट व्हॉट्सॲपवर नेणारं असावं आणि भाषा मराठी निवडलेली. दोन-चार हजारांत अंदाज येतो. 'तुमचं पुस्तक बेस्टसेलर करतो' म्हणून येणाऱ्या संदेशांना उत्तर देऊ नये.

परदेशातल्या मराठी वाचकांना प्रवासवर्णनं फार आवडतात, पण टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. त्यांच्यासाठी ई-पुस्तक पहिल्या दिवसापासून हवं आणि संदेशात त्याचा दुवा वेगळ्या ओळीत हवा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं, लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. अशा मंडळांच्या वाचनगटांना तासाभराचा ऑनलाइन संवाद ठेवायला सांगितलं तर ते सहसा हो म्हणतात. तिथेही उतारा वाचूनच सुरुवात करावी. चित्रांची फीत लावली की लोक पुन्हा हॉटेलांची चौकशी करू लागतात.

पुस्तक वाचून झालेल्यांना 'अभिप्राय कळवा' असं सांगितलं तर 'छान आहे' एवढंच येतं. नेमकं विचारावं: कुठल्या पानावर थांबलात? कुणाची आठवण झाली? उत्तर तीन ओळींचं येतं आणि त्या तीन ओळी दुसऱ्या वाचकाला लेखकाच्या शंभर ओळींपेक्षा खऱ्या वाटतात. त्या टाकण्याआधी परवानगी घ्यावी आणि शुद्धलेखनाशिवाय काही बदलू नये. याच उत्तरांत चुकाही येतात: अमुक घाट उत्तर तटावर आहे, दक्षिण नव्हे, या दोन गावांतलं अंतर सात नाही, अकरा किलोमीटर, तो आश्रम आता बंद झाला. प्रत्येक सूचनेला उत्तर द्यावं आणि पान क्रमांक, ओळ, चुकीचा मजकूर, योग्य मजकूर अशी एक वही किंवा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवावा. दुसरी आवृत्ती छपाईला जायच्या महिनाभर आधी तो प्रकाशकाकडे द्यायचा, आणि ज्या वाचकांनी चुका काढल्या त्यांना विचारून त्यांची नावं ऋणनिर्देशात घालायची.